चावल्याचं कळत नाही

माझी मुलगी दात बनवते. दंतवैद्य नाही ती. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडाचे साचे एका लॅबमध्ये येतात, तिथे ती प्लास्टरचा जबडा ओतते आणि गुलाबी मेणात एकेक दात बसवते. कुणाचा पुढचा एकच, कुणाची अख्खी कवळी. नात्यागोत्यात कुणी हसलं की ही त्याच्या डोळ्यांकडे नाही, दातांकडे बघते. एकदा तिला बघायला आलेल्या मुलाला तिने चहा देता देता सांगितलं होतं, "तुम्ही झोपेत दात खाता. उजव्या बाजूने जास्त." मुलगा बिचारा लाजला, त्याची आई चिडली, आणि ते स्थळ तिथेच संपलं. तिला काहीच वाटलं नाही. म्हणाली, "आई, त्याच्या सुळ्यांची टोकं झिजलीत गं, कुणीतरी सांगायला नको?"

लहानपणापासून तिला दोनच नाद, चित्रं काढायची आणि जनावरं बघायची. दोन्ही एकत्र कुठे करता येईल, तर त्या खेळात. खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार मोठी माणसं बसतात, आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं मानतात, आणि कधीही नसलेल्या जंगलांतून, गुहांतून हिंडतात. लढाई होते तीसुद्धा तोंडाने. कोण जिंकलं हे फासे ठरवतात. खेळ चालवतात ते मास्तर. प्रत्यक्षात ते बसच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करतात, पण सगळ्यांना दटावून गप्प बसवायची सवय असल्यामुळे मास्तर. दुसरे लांडगेराव. चष्म्यांच्या दुकानात काम करणारे, अंगाने भरलेले, स्वभावाने लोण्यासारखे. दर वेळी सोबतीला लांडगाच मागतात म्हणून हे नाव. तिसरी टाचणी. ती शिवणकाम करते, आणि तिचं बोलणंही तसंच टोचणारं. चौथी आमची मुलगी. तिला ही मंडळी दाढ म्हणतात.

या खेळात प्रत्येकाला एक प्राणी सोबती म्हणून घेता येतो. आमच्या टेबलावर त्याला एक अट आहे, आणि ती या चौघांनीच घालून घेतलेली आहे. ज्याला जो प्राणी हवा, त्याने त्याचं चित्र स्वतः काढायचं आणि बाकीच्या तिघांसमोर उभं राहायचं. ते वाटेल ते विचारणार. खातो काय, झोपतो कसा, पायाला बोटं किती, चिडला की कान पुढे जातात की मागे. याला ते कोर्टातल्यासारखं पेशी म्हणतात. पेशीत अडखळलं की शिक्षा ठरलेली. त्या मोसमात, म्हणजे चालू गोष्ट संपेपर्यंत, सोबतीला कोंबडी. लांडगेराव एकदा लांडग्याची शेपटी कुत्र्यासारखी वर वळवून बसले होते, आणि मग अख्खा मोसम राक्षसांच्या किल्ल्यात काखेत कोंबडी घेऊन फिरले.

"कोंबडीने पहारेकऱ्यांना उठवलं तेव्हा तुम्ही सगळे मेलात ना?" असं ते अजून म्हणतात. "माझ्या कोंबडीला हसू नका."

भांडणं खरी व्हायची ती खेळाच्या छापील पुस्तकातल्या चित्रांवरून. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायची. सापाला पापण्या काढल्यात. घोड्याचा गुडघा उलटा. आणि त्या पुस्तकात रातझेप नावाचा एक जीव होता, वटवाघळासारखा, माणसाएवढा, तोंडातून बाहेर लोंबणारे दोन लांब सुळे असलेला. त्या चित्रावर माझ्या मुलीचा फार राग. एका रविवारी ती लॅबमधून मेणाचा एक जबडाच घेऊन आली. पुस्तकातल्या चित्राबरहुकूम दात बसवलेला.

"मिटा," तिने तो लांडगेरावांच्या हातात दिला.

त्यांनी खालचा जबडा वर ढकलला. सुळे हनुवटीत रुतले.

"मिटत नाही."

"नाहीच मिटणार. याने पहिल्याच घासाला स्वतःचा ओठ फाडला असता. असला जीव उपाशी मरतो, राज्यं काय उद्ध्वस्त करणार?"

"अगं, राक्षस आहे तो," टाचणी म्हणाली. "राक्षसाला कुठला दंतवैद्य?"

"राक्षसालाही तोंड मिटावं लागतं बाई."

मास्तर म्हणाले, "मग तू काढ. तुझी रातझेप आण, पेशीला उभी राहा. चुकलीस तर कोंबडी तयार आहे."

त्यानंतर काही आठवडे ती सुट्टीच्या दिवशीही वह्या-पेन्सिली घेऊन बसायची. मला बरं वाटत होतं. मोबाइलपेक्षा चित्र बरं, असंच कुठलीही आई म्हणेल.

पेशीच्या दिवशी मी बिस्किटं आणि कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा चित्र टेबलाच्या मधोमध ठेवलेलं होतं. मी जीवशास्त्र घेऊन पदवी केली आहे. पुढे नोकरी शाळेच्या कार्यालयात झाली, पण वटवाघळाचा पंख म्हणजे हाताची ताणलेली बोटं असतात एवढं माझ्या लक्षात आहे. आणि ते चित्र बघून माझ्या मनात आधी कौतुकच आलं. एकेक बोट, बोटाचा एकेक सांधा, मधलं पातळ कातडं, त्यातल्या केसासारख्या शिरा. तोंड उघडं. आत बारीक, पांढऱ्या, करवतीसारख्या दाढा.

"पंख मिटल्यावर अंगठा कुठे जातो?" टाचणीने सुरुवात केली.

"कुठेच नाही. बाहेरच राहतो. त्याच्यावर तर ते चालतं."

"पंखाचं कातडं कसलं लागतं हाताला?"

"फुगा फुटल्यावर जो तुकडा उरतो ना, तसं. पण गरम."

"कान?"

"आवाज आला की वेगवेगळ्या दिशांना वळतात. एक इकडे, एक तिकडे."

"दाढांवर ही डोंगरांसारखी नक्षी कसली?"

"किडे कुरकुरीत असतात. चुरायला नको का?"

लांडगेरावांनी चित्र उचलून चष्म्याजवळ नेलं. "एवढं तोंड उघडून कोण बसतं गं चित्राला? जांभई देत होतं का?"

"मी उघडलं. काडीने."

"वा!" मास्तरांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात निष्ठा. बाकीचे तुम्ही फोनवर फोटो बघून येता. पास! आता गुण सांग. विष? किंकाळी?"

"विष नको, काही नको," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "हिचा एकच गुण. चावल्याचं कळत नाही. ज्याला चावते तो हसत पुढे जातो, जेवतो, गप्पा मारतो. आणि नंतर कधीतरी पडतो."

"किती फेऱ्यांनी?"

"ते फासा ठरवेल."

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. कसा ठेवला आठवत नाही, पण कॉफी सांडली एवढं खरं.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"काय, आई?"

"चावल्याचं कळत नाही, हे."

सगळे हसले. तीही हसली. "अगं, दात बघ ना केवढे आहेत. सुईच्या टोकाहून बारीक. काय कळणार?"

"ते वाघूळ कुठे मिळालं तुला?"

"लॅबच्या मागच्या जिन्यात पडलं होतं."

"दिवसा?"

"जेवणाच्या सुट्टीत."

दिवसाउजेडी जमिनीवर पडलेलं वटवाघूळ. वर्गात बाई सांगत होत्या ते मला जसंच्या तसं ऐकू आलं, की निशाचर प्राणी भर दिवसा जमिनीवर सापडला आणि पळून गेला नाही, तर त्याला हात लावू नये.

"ते आजारी होतं," मी म्हणाले.

"हो, म्हणूनच तर सापडलं. धडधाकट वाघूळ कुणाच्या हाती लागणार, काकू?" लांडगेराव म्हणाले.

"हातमोजे होते?"

"एक होता. लॅबमधला. दुसऱ्या हातात पेन्सिल धरायची होती ना."

"पातळ, रबराचा? आणि काडीने तोंड उघडताना?"

"आई! चावलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

"तूच आत्ता म्हणालीस ना, कळत नाही म्हणून?"

मग टाचणी बोलली, आणि तिच्या आवाजात नेहमीचं टोक नव्हतं. "दाढे, जाड सुई घुसली तर मी ओरडते. पण बारीक सुई कधी घुसली ते मला कळत नाही. कपड्यावर लाल ठिपका दिसतो तेव्हा कळतं."

"मला ठिपका दिसला नाही."

"तुझ्या बोटांना तर कायम गुलाबी मेण लागलेलं असतं," टाचणी म्हणाली.

मास्तरांनी फासे डबीत टाकले आणि झाकण लावलं. "खेळ बंद. माझी गाडी खाली आहे. काकू, चप्पल घाला."

कोंबडीच्या भीतीने पोरीने आजारी वाघूळ उचललं. जिन्यावरून उतरताना माझ्या डोक्यात हे एकच वाक्य फिरत होतं. कुणाला सांगितलं तर हसेल, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

रुग्णालयात रविवारी तरुण डॉक्टर होते. त्यांनी दोन्ही हात दिव्याखाली धरून भिंगातून बघितले. काही दिसलं नाही. वाघूळ कुठे आहे, विचारलं. तिने ते खोक्यात, कापसावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं रिकामं होतं. उडालं, की मांजराने नेलं, कोण जाणे. म्हणजे तपासायलाही काही नाही.

"खूण दिसत नाही म्हणून चावलं नाही, असं आम्ही धरत नाही," डॉक्टर म्हणाले. "वटवाघळाच्या बाबतीत तर नाहीच. रेबीजची लस आजच सुरू करू. आणखीही एक इंजेक्शन लागेल. हाताला काही होतंय? मुंग्या, बधिरपणा, जळजळ?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. तिने आपल्या बोटांकडे बघितलं. तसं का बघितलं हे कळायला मला क्षणभर लागलं, आणि मग मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बोटांना मुंग्या येतात," ती म्हणाली. "थोड्या दिवसांपासून."

"कुठल्या हाताच्या?"

"डाव्या. म्हणजे डाव्याच्या जास्त."

वाघूळ तिने डाव्या हातात धरलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिच्या कामाबद्दल विचारलं. ती सांगत गेली. मेण काढून टाकल्यावर साच्यात भरायला एक पावडर आणि एक उग्र वासाचं द्रावण कालवतात, ते बोटांना लागतं. मोज्यातूनही झिरपतं. तिच्याबरोबरच्या जुन्या कारागिरांची बोटं बधिर आहेत, कुणी त्याचं फारसं मनावर घेत नाही.

"त्या द्रावणानेही मुंग्या येतात," डॉक्टर म्हणाले. "शक्यता तीच जास्त आहे."

"आणि दुसरी शक्यता असेल तर?" मी विचारलं.

त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा. मी काही लहान नाही."

"एकदा लक्षणं सुरू झाली की लस काम करत नाही. म्हणून या मुंग्या त्या रोगाच्या नाहीत असं धरून आपण पुढे जायचं. कामावर जाणं काही दिवस बंद करा. द्रावणाच्या असतील तर कमी होत जातील."

"नाही झाल्या तर?"

"तर लगेच या," ते म्हणाले, आणि परत पेन उचललं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. घरात काहीच होत नव्हतं. ती घरी होती, जेवत होती, फोनवर मंडळींशी वाद घालत होती. कुठल्याशा ग्रुपवर तिचं चित्र फिरत होतं, अनोळखी लोक लिहीत होते की असे दात आजवर कुणी काढले नाहीत, एकाने तर स्वतःच्या दंडावर ते गोंदवून घ्यायची परवानगी मागितली होती. ती मला वाचून दाखवायची. मी ऐकायची, पण त्या दाढांकडे बघायची नाही.

त्या आजारात माणूस पाण्याला घाबरतं. घसा आवळतो, घोट उतरत नाही. वाऱ्याची झुळूकसुद्धा सहन होत नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दिवसभर तिला पाणी नेऊन द्यायची. पंखा लावायची आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची. तिचे बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू तिला घाबरवतेयस."

"मी घाबरवत नाही. मी घाबरतेय."

"काही होणार नाही गं," ते म्हणाले. आणि मग मला दिसलं, की तेही तिच्यासमोर बसून पाणी पितात. तिने पेला उचलला की हेही उचलतात, तिने संपवला की मगच खाली ठेवतात. माणूस उंटासारखं पाणी पीत होता आणि मला शहाणपण शिकवत होता.

एकदा तिने अर्धा पेला पिऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, पुरे. आता पोटात मासे सोडा."

मी हसले नाही. "उरलेलं पी."

"तू मला पाणी पिताना बघतेस."

"मी कुठे बघते?"

"बघतेस. आणि मी तू बघतेस ते बघते. मग खरंच घोट अडकतो." तिने पेला उचलला, माझ्या डोळ्यांत बघत सगळं पाणी संपवलं, आणि पेला माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते तर ती येऊन माझ्याजवळ बसली. एक टॉवेल उचलला आणि म्हणाली, "मला खरंच माहीत नाही गं, त्याने चावलं की नाही. तोंड उघडलं तेव्हा माझं लक्ष दाढांकडे होतं. एवढ्या सुंदर होत्या. इतक्या छोट्या जागेत, इतक्या नेमक्या, एकही वाकडी नाही. मी आयुष्यात तसा जबडा बसवू शकणार नाही." मग टॉवेलची घडी घालत, "ते थरथरत होतं. मला वाटलं, मला घाबरलंय. मी त्याला 'घाबरू नकोस' म्हणत होते."

मी तिचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला. "आत्ता आहेत?"

"आहेत."

"कालच्याएवढ्या?"

"सारखं विचारलंस की वाढतात."

म्हणून मी सकाळी एकदाच विचारायचं असं ठरलं. ती उठून तोंड धुवून आली की मी विचारायची, "मुंग्या?" आणि ती सांगायची. आहेत. आहेत. थोड्या. कळत नाही. एका सकाळी "जास्त वाटतात" म्हणाली, आणि मी तशीच घरातल्या कपड्यांवर तिला रुग्णालयात घेऊन गेले. रात्रभर हात अंगाखाली आल्यामुळे असेल, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना पुन्हा सगळे प्रश्न विचारले, त्यांनी पुन्हा सगळी उत्तरं दिली. लस वेळच्या वेळी चालू होती. टाचणी, मास्तर, लांडगेराव आळीपाळीने तिच्याबरोबर जात. लांडगेराव सुईला घाबरत, तिला टोचताना हेच डोळे मिटून बसत, आणि परिचारिकेने त्यांनाच पाणी दिलं होतं एकदा.

मग मुंग्या थांबल्या. एकदम नाही. एका सकाळी ती स्वतःच्या बोटांकडे बघत उभी राहिली, टोकं एकमेकांवर घासली आणि म्हणाली, "नाहीत वाटतं." दुसऱ्या सकाळीही नव्हत्या. तिच्या बाबांनी दाराआडूनच मोठा श्वास सोडला. मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. डॉक्टर म्हणाले होते, द्रावणाच्या असतील तर कमी होतील. पण कमी झाल्या म्हणजे द्रावणाच्याच होत्या, हे कुणी सांगावं? आपोआप आल्या, आपोआप गेल्या, असं नसतं का काही? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. तिला दाखवायची गरज नव्हती. ती माझ्या पोटची आहे. तिने स्वतःच तोडगा काढला.

"उद्या मी कामावर जाते," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी कुठे सांगितलंय?"

"एक दिवस. त्या द्रावणात दिवसभर हात घालते. मुंग्या परत आल्या, तर त्या त्याच्याच. नाही आल्या, तर..." ती थांबली. "नाही आल्या तर बघू."

"आणि मग त्या हातांचं काय? जाणूनबुजून घालणार?"

"आई, एक तरी गोष्ट नक्की कळू दे मला."

मी नाही म्हणू शकले नाही. मलाही तेच हवं होतं, आणि त्याची मला शरम वाटत होती.

तो दिवस मी कार्यालयात कागद पुढे-मागे करत घालवला. घरी आले, कपडे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. आपल्या मुलीच्या बोटांना मुंग्या येऊ देत म्हणून दिवसभर मनातल्या मनात विनवण्या करणारी आई माझ्याशिवाय दुसरी कुणी नसेल. दरवाजा वाजला तेव्हा हात साबणाने माखलेले होते.

ती दारातच उभी होती. दोन्ही हात पुढे करून, बोटं पसरून.

"आल्या," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"दोन्ही हातांना. सगळ्या बोटांना. आई, दुपारपासून आल्यात!"

मी तिचे दोन्ही हात साबणासकट माझ्या हातांत घेतले आणि आम्ही दोघी दारातच रडत हसत उभ्या राहिलो. तिचे बाबा बाहेर आले, आमच्याकडे बघून घाबरले, आणि मग कळल्यावर तेही नाक शिंकरायला आत गेले.

"तिला इजा झाली म्हणून नाचताय तुम्ही," आतून त्यांचा आवाज आला.

लसीचं शेवटचं इंजेक्शन अजून बाकी आहे, आणि ते झाल्यावरही मी काही महिने तिच्या हाताकडे बघणार आहे, हे मला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी आधी दुसरं काम होतं. रसायनांच्या कामाचे जाड हातमोजे मिळतात ते दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं. मी हात पुसले, तिने पुन्हा चपला घातल्या, आणि आम्ही घाईघाईने जिना उतरायला लागलो.